भुरीची शिकवणी : घरी येऊन पिल्लू शिकवणाऱ्या एका सेवेचा अनुभव

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या अंगणात आठ आठवड्यांचे एक पिल्लू आले. शेजारच्या शेतात कुटाराच्या ढिगाआड व्यालेल्या गावठी कुत्रीचे ते मादी पिल्लू. रंगावरून मुलांनी तिचे नाव भुरी ठेवले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, माझे पती शेती पाहतात, आणि घरात सासू-सासरे व दोन मुले आहेत. आमचे गाव केळापूर तालुक्यात, टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूला आहे. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्यामुळे पिल्लाकडे लक्ष द्यायला महिनाभर तरी हाताशी आहे, असा माझा हिशेब होता. तो चार दिवसांत चुकला. मला दिवसभरात वेळ होता, पण पिल्लू झोपेतून उठते त्या मिनिटाला माझे हात कणकेत असत, आणि हात मोकळे होईपर्यंत ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ओले करून पुन्हा झोपी गेलेले असे.

त्यानंतर आठवडाभराने आम्ही यवतमाळहून घरी येऊन कुत्र्यांना शिकवणाऱ्या एका प्रशिक्षकाची सेवा घेतली. दोन महिन्यांत सहा भेटी, प्रत्येक भेट एका तासाची, मधल्या काळात फोनवर सल्ला, आणि या सगळ्याचे सहा हजार रुपये, अशी ती बोलणी होती. सेवेचे नाव मी लिहीत नाही, कारण गुणांबरोबर काही उणिवाही लिहायच्या आहेत. आमच्या भागात अशा सेवेसाठी पैसे मोजण्याची रीत नाही, सहा हजारांत सोयाबीनच्या बियाण्याच्या किती थैल्या येतात हे प्रत्येक घराला पाठ असते, आणि म्हणूनच हे पैसे कशाचे दिले आणि त्यांतून काय मिळाले ते तपशिलाने लिहिणे मला आवश्यक वाटते.

पहिल्या भेटीत तासातली चाळीस मिनिटे त्या तरुणाने भुरीला हातही लावला नाही. त्याने घरातल्या सर्वांना ओसरीवर बसवले आणि प्रत्येकाला तो पहाटेपासून रात्रीपर्यंत काय काय करतो ते विचारले. सासूबाईंनी न राहवून म्हटले, "बाबू, कुत्र्याले शाळेत घालाचं हाय का आमाले?" त्यावर तो शांतपणे म्हणाला, "आजी, आधी घर कसं चालते ते समजू द्या, मंग तिचं पाहू." मामाजी, म्हणजे माझे सासरे, पहाटे पाचला बैलांना चारा टाकायला उठतात, साडेपाचला मी चहा ठेवते, सहाला सासूबाई गाय दोहतात, माझे पती सात वाजता शेतात जातात, दुपारी बारा ते चार घरात कूलर चालू असतो आणि सगळे आडवे होतात, रात्रपाळीची वीज असलेल्या आठवड्यात पती रात्री दोनच्या सुमारास मोटार सुरू करायला उठतात, हे सगळे त्याने जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतले. मग त्याच कागदावर, त्याच कामांच्या शेजारी, त्याने भुरीची कामे लिहिली.

या सेवेचे मोल मला त्या कागदात दिसले. त्याचे म्हणणे असे होते की एवढे लहान पिल्लू दिवसातले अठरा ते वीस तास झोपते, म्हणजे ते जागे असते चार ते सहा तास, आणि तेही सलग नसतात. हे जागेपणाचे तुकडे घरातल्या माणसांच्या कामांना जोडले, तर कोणालाच वेगळा वेळ काढावा लागत नाही. मामाजी बैलांकडे जाताना भुरीला सोबत नेतील, ही दिवसाची पहिली फेरी. चहाला उकळी येईपर्यंतची तीन मिनिटे माझी, त्यात फक्त "बस" शिकवायचे. गाय दोहली जाईपर्यंत भुरीने कोठ्याच्या दाराशी गोणपाटावर बसून राहायचे, ते सासूबाईंनी पाहायचे. मुलीने न्याहारीनंतर दहा मिनिटे खेळवायचे. पती संध्याकाळी शेतातून आले की अंगणाच्या दुसऱ्या टोकावरून "ये" म्हणून बोलावायचे, आणि रात्री दोनला मोटारीसाठी उठतील तेव्हा तिला अंगणात एक फेरी मारून आणायची. वीज दिवसपाळीची असेल त्या आठवड्यात ही रात्रीची फेरी माझी.

मी शिक्षिका असल्यामुळे या सगळ्याची बेरीज करून पाहिली. शिकवणे दिवसाला पंधरा मिनिटे, बाहेर नेण्याच्या नऊ-दहा फेऱ्या मिळून सुमारे पंचावन्न मिनिटे, चार वेळच्या खाण्याची वीस मिनिटे आणि खेळाची वीस मिनिटे. एकूण दोन तासांच्या आत. एकट्या माणसावर हे दोन तास पडले तर तो महिनाभरात थकतो आणि पिल्लाला दोरीने खांबाशी बांधून मोकळा होतो. आमच्या गावात बहुतेक कुत्र्यांचे हेच झालेले मी पाहिले आहे. पाच जणांत वाटले तर कोणाच्याही वाट्याला अर्ध्या तासापेक्षा जास्त येत नाही. पिल्लू आणणाऱ्याने आधी घरात ही वाटणी करावी आणि मग आणावे, असे मला आता मनापासून वाटते. आम्ही उलटे केले.

शिकवण्याची पद्धत सोपी होती आणि तिच्यात मारणे, साखळीला हिसके देणे, किंवा शी-शू झालेल्या जागी पिल्लाचे नाक घासणे यांपैकी काहीही नव्हते. नाक घासण्याचा उपाय आमच्याकडे सर्रास करतात. प्रशिक्षकाने मामाजींना समजावले की पिल्लू आपल्या कृतीची आणि तिच्या परिणामाची सांगड एक-दोन सेकंदांतच घालू शकते. पाच मिनिटांनी रागावले तर त्याला एवढेच कळते की हा माणूस जवळ आला की भीती वाटावी. म्हणून बक्षीसही त्याच क्षणी हवे. भुरी अंगणाच्या ठरलेल्या कोपऱ्यात बसली की तिथेच उभे राहून तुकडा द्यायचा, घरात परत आल्यावर नव्हे. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर लगेच बाहेर न्यायचे, आणि एरवी दर दोन तासांनी. पिल्लाचे वय जितके महिने, त्यात एक मिळवावा, तितके तास ते दिवसा जास्तीत जास्त कळ काढू शकते, हा त्याने दिलेला अंदाज आमच्या बाबतीत बराच बरोबर ठरला.

बक्षिसाच्या तुकड्यांचा प्रश्न आमच्या घरी नाजूक होता. सासूबाई माळकरी आहेत आणि त्यांच्या स्वयंपाकघरात अंडे येत नाही. प्रशिक्षकाने त्यावर एक शब्दही वावगा काढला नाही. अंडे कोठ्यामागच्या चुलीवर वेगळ्या भांड्यात उकडावे आणि नखाएवढे तुकडे करून डब्यात ठेवावेत, आणि सासूबाईंनी स्वतः द्यायचे असेल तेव्हा पनीर किंवा वाळवलेल्या भाकरीचे तुकडे वापरावेत, असे त्याने सुचवले. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षे आणि मनुका कुत्र्याला विषारी ठरतात हे त्याने पहिल्याच दिवशी सांगितले. कांद्याच्या भाजीचा रस्सा भाकरीवर ओतून कुत्र्याला घालणे ही आमच्याकडची रोजची गोष्ट आहे, त्यामुळे हे सांगणे फार महत्त्वाचे होते. नुसत्या दूध-भाकरीवर पिल्लाची वाढ नीट होत नाही म्हणून पिल्लांचे कोरडे खाद्यही त्याने सुरू करायला लावले, परंतु स्वतःकडचे खाद्य विकत घेण्याचा आग्रह धरला नाही.

घरातल्या शब्दांचा गोंधळ त्याने दुसऱ्या भेटीत सोडवला, आणि तो प्रसंग लिहिण्यासारखा आहे. भुरी माझ्या मुलीच्या हाकेला येत असे, पण मामाजींच्या हाकेला कधी येई, कधी पळून जाई. त्याने मामाजींना फक्त तिला बोलवायला सांगितले. मामाजींनी "यू, यू, यू" अशी साद घातली, भुरी धावत आली, त्यांच्या धोतराला लोंबकळली, आणि त्यांच्या तोंडून सवयीने "हाड" निघाले. ज्या माणसाने बोलावले त्यानेच हाकलले, असे तिच्या दृष्टीने रोज अनेकदा घडत होते. त्या दिवसापासून घरात "हाड" बंद झाले. त्याऐवजी चारही पाय जमिनीवर टेकले की लाड आणि नाही टेकले की पाठ फिरवणे, एवढेच ठेवले. "छू" या शब्दावरही त्याने बंदी घालायला लावली. गल्लीतली मुले पिल्लाला शेळ्यांवर सोडताना "छू" म्हणतात. पिल्लूपणी ती गंमत दिसते, आणि वर्षभराने तेच कुत्रे कोणाच्या तरी करडाला धरते तेव्हा भांडण गावभर होते. माझ्या मुलाने आणि त्याच्या मित्रांनी ही बंदी पाळली, याचे श्रेय मी प्रशिक्षकाला देते, कारण त्याने मुलांना रागावण्याऐवजी "सोड" हा शब्द शिकवण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले.

जूनच्या मध्यावर पाऊस आला आणि पेरणीची घाई सुरू झाली. पती आणि सासूबाई दिवस उगवण्याआधी टोबणीला जाऊ लागले, मीही सुट्टी असल्यामुळे सोबत गेले, आणि घरी गुडघे दुखणारे मामाजी व दोन मुले एवढीच राहिली. चार दिवसांत कागदावरचे सगळे वेळापत्रक कोलमडले. भुरी पुन्हा घरात घाण करू लागली, तिने कूलरच्या पाण्याची नळी चावून तोडली, ठिबकच्या नळ्यांच्या वेटोळ्याला दातांनी भोके पाडली, आणि एकटी राहिली की रडू लागली. मी संध्याकाळी दमून फोन केला तेव्हा मला वाटले होते की आता तो नियमितपणावर व्याख्यान देईल.

त्याने तसे काही केले नाही. पेरणी किती दिवस चालेल, एवढेच विचारले. "मॅडम, या आठवड्यात नवीन काही शिकवू नका. मामाजी बसल्या जागेवरून जेवढं करू शकतात तेवढंच ठेवा," असे सांगून त्याने कागदावरच्या बाकी सर्व गोष्टी खोडायला लावल्या आणि दोनच ठेवल्या : वेळेवर बाहेर नेणे आणि बोलावल्यावर आल्यास तुकडा देणे. मामाजींची खाट अंगणाच्या दाराशी हलवली, म्हणजे त्यांना दहा पावलांपेक्षा जास्त चालावे लागणार नाही. ठिबकच्या नळ्या आम्ही छतावर टाकल्या. चावण्यासाठी सुती दोरीच्या गाठी ओल्या करून माठाजवळच्या गारव्यात ठेवायच्या आणि एक-एक द्यायची, हे काम मुलीला दिले. कुत्र्याचे २८ दुधाचे दात चौथ्या महिन्यापासून पडू लागतात आणि त्यांच्या जागी ४२ कायमचे दात येतात, या काळात चावण्याची खाज वाढतच जाणार, म्हणून चावायची वस्तू हिसकावण्यापेक्षा चावायला योग्य वस्तू हाताशी ठेवणे बरे, हे त्याने तिसऱ्या भेटीत येऊन नीट समजावले. वाळलेल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्या मात्र चावू देऊ नका, त्यांच्या सालपटांनी हिरड्या सोलतात आणि त्यांवर फवारणीचा अंशही असू शकतो, असा त्याचा इशारा होता.

शेतकऱ्याच्या घरी वर्षातून काही आठवडे असे येतातच की माणसांनाच जेवायला वेळ मिळत नाही. अशा वेळी काय सोडायचे आणि काय धरून ठेवायचे, हे सांगणारा माणूस मिळणे मला फार मोलाचे वाटले. त्या पंधरा दिवसांत भुरी मागे पडली, पण सुटली नाही. जूनच्या शेवटी शाळा उघडली तेव्हा ती तेरा आठवड्यांची होती आणि सकाळी साडेदहापासून दुपारच्या फेरीपर्यंत कळ काढू लागली होती. एकटे राहण्याची सवयही त्याने आधीपासून करून घेतली होती : पहिल्या दिवशी एक मिनिट दाराआड जायचे, मग पाच मिनिटे, मग अर्धा तास, आणि ती रडत असताना आत यायचे नाही, गप्प झाली की यायचे.

लसींच्या बाबतीत त्याची शिस्त कडक होती. लसीकरणाचे कार्ड पाहिल्याशिवाय तो पिल्लाला हात लावत नाही, कारण तो एका घरातून दुसऱ्या घरात जातो आणि पार्व्होसारखा पिल्लांचा जीवघेणा आजार बुटांच्या तळव्यांवरूनही पोचतो; त्याचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. आमच्या गावाजवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गुरांच्या लसी असतात, पण पिल्लांची एकत्रित लस तेव्हा नव्हती. ती आम्ही यवतमाळहून बर्फ घातलेल्या थर्मासमधून आणली, कारण ती २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवावी लागते आणि त्या आठवड्यात बाहेर पंचेचाळीस अंशांच्या आसपास ऊन होते. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ती टोचून दिली, पुढचे डोस तीन-तीन आठवड्यांनी दिले, आणि तीन महिने पूर्ण झाल्यावर रेबीजची लस दिली. कुत्रा चावल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हे प्रशिक्षकाने मुलांकडून पाठ करून घेतले. ही सेवा घेतली नसती तर रेबीजची लस आम्ही दिली असती, पण बाकीच्या लसींचा विचारही केला नसता, हे मी प्रामाणिकपणे मान्य करते.

लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लू बाहेर नेऊ नये असे आम्ही ऐकले होते. त्याने ते अर्धेच बरोबर असल्याचे सांगितले. पिल्लाचे जगाशी ओळख करून घेण्याचे वय तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बारा ते चौदा आठवड्यांपर्यंतच असते. त्या काळात जे पाहिले-ऐकले नाही त्याची भीती पुढे जन्मभर राहू शकते. अमेरिकेतील स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी अनेक वर्षे कुत्र्यांची पिल्ले वाढवून केलेला अभ्यास १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही हा काळ ठळकपणे मांडलेला आहे, हे मी नंतर वाचले. त्यामुळे भुरीला जमिनीवर न ठेवता, कापडी झोळीत घेऊन फिरवायचे ठरले. पिठाच्या गिरणीचा आवाज, ट्रॅक्टर, बैलगाडी, छत्री, हेल्मेट घातलेला माणूस, भजनातले मृदंग आणि टाळ, कुकरची शिटी, हे सगळे तिने झोळीतून पाहिले आणि ऐकले, आणि प्रत्येक वेळी तिला एक तुकडा मिळाला. आठवडी बाजारात मी तिला दोनदा नेले. लोक थांबून विचारीत, मुले हात लावू पाहत, आणि हात धुतल्याशिवाय लावू देत नाही म्हटल्यावर काही जण रागावलेही. परंतु पोळ्याच्या दिवशी, पाच महिन्यांची भुरी दाराशी आपल्या गोणपाटावर बसून सजवलेले बैल आणि ढोल-ताशे पाहत होती आणि तिने भुंकून एकही बैल बुजवला नाही, तेव्हा त्या झोळीतल्या फेऱ्यांचा अर्थ घरातल्या सगळ्यांना कळला.

आता उणिवांकडे येते.

पहिली उणीव म्हणजे त्याने दिलेली छापील पुस्तिका. ती इंग्रजीत आणि थोडी हिंदीत होती. जे काम पाच जणांनी करायचे आहे, त्यांतल्या दोघांना ती वाचता येत नव्हती आणि मुलांना अर्धीच कळत होती. मी एका रविवारी बसून ती सगळी मराठीत लिहून काढली, मोठ्या अक्षरांत, आणि सासूबाईंसाठी बाजूला चित्रे काढली. ती प्रत मी त्याला दिली, त्याने ती आनंदाने घेतली आणि पुढच्या घरांना द्यायला परवानगी मागितली. तरीही सहा हजार रुपये घेणाऱ्या सेवेने हे काम आधी केलेले असायला हवे होते.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. सेवेचा सगळा आराखडा शहरातल्या घरासाठी केलेला आहे. गुळगुळीत फरशी, बंद दार, जिना, लिफ्ट, पट्ट्याने रस्त्यावर फिरवणे, असे त्यात पुष्कळ आहे. शेत मात्र नाही. आमच्या पिल्लाला उद्या शेतात जायचे आहे, आणि तिथले धोके अगदी वेगळे आहेत. रानडुकरे आणि रोही (नीलगायी) येऊ नयेत म्हणून बांधांवर झटका मशीनच्या तारा लावलेल्या असतात, काही जण चोरून थेट विजेचा प्रवाहही सोडतात. धुऱ्यावर औषधांच्या रिकाम्या बाटल्या पडलेल्या असतात. २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरच्या फवारणीने विषबाधा होऊन माणसे दगावली. जिथे माणसाला श्वासातून आणि कातडीतून विष भिनते, तिथे पाने चाटत आणि माती हुंगत फिरणाऱ्या पिल्लाचे काय होईल याचा विचार कोणीतरी करायला हवा. घोणस आणि नाग आहेतच. शिवाय बिबट्या कुत्र्याला सहज भक्ष्य करतो, म्हणून रात्री कुत्रे जागलीच्या माळ्याखाली बांधणे म्हणजे त्याला पुढे करणे होय.

हे सगळे मी चौथ्या भेटीत बोलून दाखवले. त्याने ऐकून घेतले, लिहून घेतले, आणि पाचवी भेट घराऐवजी शेतात घेतली, त्यासाठी वेगळे पैसे मागितले नाहीत. लांब दोरी बांधून धुऱ्यावरून चालताना तारेच्या पाच पावले अलीकडे थांबायचे आणि माणसाकडे पाहायचे, हे त्याने भुरीला शिकवायला सुरुवात केली. तोंडात धरलेली वस्तू "सोड" म्हणताच टाकायची आणि तिच्या बदल्यात अधिक चांगला तुकडा घ्यायचा, हा धडा त्याने बाटल्यांच्या झाकणांवर करून घेतला. फवारणी झालेल्या शेतात काही दिवस तिला न्यायचेच नाही आणि रात्री ती घराच्या आतच झोपेल, हे आम्ही ठरवले. पण ही पाचवी भेट मी विचारले म्हणून झाली. ज्या घराला विचारायचे सुचणार नाही त्याला ती मिळणार नाही, आणि ग्रामीण भागात काम करायचे असेल तर ही भेट आराखड्यात पहिल्यापासून असली पाहिजे.

पैशांच्या बाबतीतही एक गोष्ट नोंदवते. प्रवासाचे पेट्रोल वेगळे द्यावे लागेल हे पहिल्या भेटीच्या शेवटी कळले. रक्कम अवाजवी नव्हती, पण ती आधी सांगायला हवी होती. चौथी भेट नाल्याला पूर आल्यामुळे अकरा दिवस लांबली, त्यात त्याचा दोष नाही. व्हिडिओ कॉलवर शिकवण्याचा त्याचा पर्याय आमच्या गावच्या नेटवर्कमुळे निरुपयोगी ठरला; शेवटी मी मुलीच्या सरावाची छोटी चित्रफीत काढून, तालुक्याला गेले की तिथून पाठवत असे आणि तो रात्री आवाजी संदेशात उत्तर देत असे. हा मार्ग चांगला चालला, आणि त्याने तो इतर खेड्यांतही वापरावा असे मी त्याला सुचवले आहे.

तुलनेसाठी सांगते की याआधी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी चौकशी केली होती. तिथे पिल्लू महिनाभर त्यांच्याकडे ठेवून, शिकवून परत देतात आणि त्याचे पंधरा हजार रुपये घेतात. वेळ नसलेल्या माणसाला हे सोयीचे वाटते, आणि क्षणभर मलाही वाटले होते. पण नऊ-दहा आठवड्यांचे पिल्लू ज्या काळात माणसे, आवाज आणि जागा ओळखायला शिकते, तो सगळा काळ त्याने परक्या अंगणात घालवायचा आणि मग आमच्या घरी पाहुण्यासारखे यायचे, हे मला पटले नाही. शिवाय ते जे शब्द शिकून येईल ते घरातल्या कोणालाच माहीत नसतील आणि "हाड" तर घरात तसेच राहील. घरी येऊन शिकवणाऱ्याने मामाजींना शिकवले, सासूबाईंना शिकवले, मुलांना शिकवले आणि मला शिकवले. भुरीला शिकवण्याचे काम आम्ही केले.

पिल्लाच्या आजारपणाच्या बाबतीत ही सेवा स्वतःची मर्यादा स्पष्ट सांगते, हेही मला आवडले. भुरीला जुलैत जुलाब झाले तेव्हा त्याने फोनवर औषध सांगितले नाही, लगेच दवाखान्यात न्यायला सांगितले. आमच्या डॉक्टरांच्या उपचाराने ती दोन दिवसांत बरी झाली. गंभीर काही झाले तर नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आमच्यापासून सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे, म्हणून वेळ न दवडण्याचा त्याचा आग्रह योग्यच होता.

ही सेवा कोणी घ्यावी, असे मला काही पालकांनी शाळेत विचारले. ज्या घरात किमान दोन-तीन माणसे रोज पाच-दहा मिनिटे द्यायला तयार आहेत, तिथे ती उपयोगी पडेल. घरातला एकच माणूस उत्सुक असेल आणि बाकीचे नाराज असतील, तर आधी त्यांच्याशी बोलावे. सहा भेटींत प्रशिक्षक तेवढे करू शकत नाही. पिल्लू आठ आठवड्यांचे होण्याआधी आणू नये. विक्रीच्या पिल्लांसाठी तर २०१७ च्या केंद्रीय नियमांनीही हीच मर्यादा घातलेली आहे, आणि आमच्या शेजाऱ्यांनी पाचव्या आठवड्यातच देऊ केलेली भुरी आम्ही तीन आठवडे तिच्या आईजवळ राहू दिली, ते फार बरे झाले असे प्रशिक्षकानेही सांगितले. पावसाळ्याच्या तोंडावर पिल्लू आणणे टाळता आले तर टाळावे. कापसाच्या वेचणीचा जोर ओसरला की घरात माणसे असतात, ऊन सौम्य असते आणि रस्ते कोरडे असतात.

सहा भेटी जुलैच्या अखेरीस संपल्या. भुरी आता साडेपाच महिन्यांची आहे. नावाने बोलावले की शेताच्या अर्ध्या अंतरावरून येते, गाय दोहताना गोणपाटावर बसते, दोरी ताणत नाही. शेळ्या दिसल्या की अजून थरथरते, आणि अनोळखी सायकलवाल्यामागे धावायचे तिने पूर्णपणे सोडलेले नाही. नसबंदीसाठी डॉक्टरांनी पुढच्या महिन्यात आणायला सांगितले आहे. त्यानंतर सीतादही, म्हणजे कापसाच्या पहिल्या वेचणीची पूजा, होईल आणि वेचणीला बायका येऊ लागतील, त्यांच्याबरोबर तान्ही मुले असतील, झाडाखाली भाकरीची गाठोडी असतील, आणि भुरीने कधी पाहिली नाही इतकी माणसे एकदम शेतात असतील. त्या दिवसांसाठी आम्ही आणखी एक भेट वेगळे पैसे देऊन मागितली आहे, पेट्रोलसह रक्कम या वेळी आधीच ठरवून घेतली आहे, आणि जुन्या कॅलेंडरची नवी कोरी बाजू मामाजींनी खाटेजवळच्या खिळ्याला अडकवून ठेवली आहे.